पाहुणे वेरूळ-अजिंठा बघून परततात. आपल्या शहराला एक दिवस कोण देणार?

खामकाठी
(धागाकर्ती)

मागच्या महिन्यात पुण्याहून माझी आतेबहीण आली होती, सासरच्या चार माणसांना घेऊन. पहिल्या दिवशी वेरूळ, घृष्णेश्वर आणि येताना दौलताबाद. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून अजिंठा. तिसऱ्या दिवशी सकाळी परतीची गाडी. निघताना मी विचारलं, "बीबी का मकबरा राहिलाच की गं?" ती म्हणाली, "दिसला ना रिक्षातून. आणि तुमच्या शहरात बाकी काय आहे बघायला?"

ती सहज बोलून गेली, पण मला ते लागलं. चूक तिची नव्हती. तीन दिवसांचा बेत मीच आखला होता. आपण सगळे असेच बेत आखून देतो. छत्रपती संभाजीनगर म्हणजे लेण्यांना जाण्याआधी रात्रीचा मुक्काम, असं आपणच ठरवून टाकलंय.

म्हणून हा धागा. पाहुण्यांकडे एकच दिवस आहे आणि शहराच्या हद्दीबाहेर जायचं नाही. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, खुलताबाद, पैठण यांपैकी काहीही चालणार नाही. सांगा, काय दाखवाल?

माझं उत्तर आधी देते. मी त्यांना पाण्यामागून चालवीन.

१६१० साली मलिक अंबरने खडकी या गावाच्या जागी शहर वसवलं, तेव्हा इथला मोठा प्रश्न पाण्याचा होता. खाम नदी आहे, पण ती बारमाही भरवशाची नाही. उत्तरेला डोंगर. त्यात पावसाचं पाणी मुरतं आणि पायथ्याशी जमिनीखाली सापडतं. हेच पाणी खालच्या खाली गोळा करून, उतार साधत, बांधीव बोगद्यांतून आणि खापराच्या नळांतून शहरात आणायचं, अशी ती नहर-ए-अंबरी. थोड्याथोड्या अंतरावर आत उतरायला तोंडं ठेवली. मध्ये मनोऱ्यांसारखे दगडी खांब बांधले. त्यांत पाणी एका बाजूने वर चढतं आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुढे जातं. नळातली हवा मोकळी होते, दाब टिकतो. ना मोट, ना रहाट, ना बैल. नुसत्या उतारावर पाणी घरोघरच्या हौदांपर्यंत. अंबरचा एक मंत्री या बेताला हसला होता आणि अंबरने पंधरा महिन्यांत काम पुरं करून दाखवलं, अशी गोष्ट सांगतात. पुढे अशा आणखी नहरी झाल्या. त्यांतल्या एका नहरीचं पाणी पाणचक्कीला येतं.

पाणचक्की आपण शाळेच्या सहलीत बघितलेली असते, म्हणून पुन्हा जात नाही. एकदा जाऊन फक्त त्या उंच भिंतीसमोर उभं राहा. हरसूलकडच्या विहिरीपासून जमिनीखालून आलेलं पाणी त्या भिंतीत वर चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. पडत्या पाण्याच्या जोरावर खाली लोखंडी पाती फिरतात आणि त्यांच्यासोबत दगडी जातं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, वाटसरूंचं पीठ इथे दळलं जायचं. मला सगळ्यात आवडतो तो हौदाच्या खालचा दिवाणखाना. दोन्ही बाजूंना जाडजूड खांब आणि डोक्यावर छत म्हणून अख्खा हौद. मे महिन्यात दुपारी दोन वाजता आत पाऊल टाकलं की आधी पायांना गारवा कळतो, मग मानेला. माझी आजी तिथल्या खांबाला पाठ टेकून बसायची आणि अर्धा तास बोलायची नाही. तेवढ्या वेळात आम्ही मुलं वर हौदातले मासे मोजून यायचो.

आता तुमचं सांगा.

---

गुलमंडीकर

ताई, धागा काढला हे फार चांगलं केलं. माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्यांना गाडीतून उतरवा. हे शहर पायी बघायचं आहे.

सकाळी आठला पैठण दरवाजा. तिथून टिळक पथाने सरळ गुलमंडी. दुकानं उघडायच्या आधी जा, म्हणजे मान वर करून जुन्या माड्या बघता येतात. एरवी पाट्यांमुळे काही दिसत नाही. लाकडी सज्जे, महिरपी, एखाद्या घराच्या कोनाड्यात अजून रंग टिकून आहे. सुपारी मारुतीला नमस्कार करायचा, मग सिटी चौक, सराफा, आणि शहागंजचा घड्याळाचा मनोरा. नाष्ट्याला इमरती. जिलेबी नव्हे, इमरती, उडदाच्या डाळीची. कढईतून पाकात आणि पाकातून थेट द्रोणात. ती गरमच खायची, घरी बांधून नेली की तिची मजा जाते.

आमचं दुकान तीन पिढ्यांपासून गुलमंडीवर आहे. माझे आजोबा म्हणायचे, ज्याला गुलमंडीवर पायी फिरता आलं त्याला जगात कुठेही वाट सापडते.

---

पदमपुरेकर

वास्तू तर दाखवाच, पण मोहल्ल्यांची नावंही दाखवा. आपल्या शहरात नावं हीच ठिकाणं आहेत.

औरंगजेब दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आला तो १६५३ मध्ये. त्याच्यासोबत आणि त्याच्यामागून राजपूत, बुंदेले सरदार आपापल्या फौजा घेऊन आले. त्यांचे तळ जिथे पडले तिथे वस्त्या, म्हणजे पुरे, वसले. मिर्झाराजे जयसिंगांचं जयसिंगपुरा. बिकानेरच्या राजा करणसिंगांचं कर्णपुरा आणि त्यांच्या मुलाचं, पदमसिंगाचं, आमचं पदमपुरा. पहाडसिंग बुंदेल्याचं पहाडसिंगपुरा. नवरात्रात लाखो माणसं कर्णपुऱ्याच्या देवीला जातात. ती देवी बिकानेरकरांनी आणली असं आमच्याकडे जुनी माणसं सांगतात. राजस्थानातून निघालेली एक छावणी आणि तिच्या जागी आज आपली जत्रा. त्या दहा दिवसांत नारळ, ओवाळणीची ताटं, पाळणे यांतून वाट काढत देवीपर्यंत जायचं. पाहुणे नवरात्रात आले तर दुसरीकडे कुठे नेऊच नका.

पहाडसिंगपुऱ्यात सोनेरी महाल आहे. आत एके काळी भिंतींवर सोन्याच्या रंगात चित्रं होती, त्यावरून हे नाव. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे. मागे डोंगर, पुढे मोकळं आवार, आणि बहुतेक वेळा आपल्याशिवाय कोणी नसतं.

---

मिलिंदची_लेक

मला विद्यापीठाचा दरवाजा दाखवायचा आहे. तो चारशे वर्षांचा नाही, पण आमच्या घरात कुठल्याही जुन्या दरवाजापेक्षा त्याचं मोल जास्त आहे.

माझे वडील परतूरकडच्या एका खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन मिलिंद महाविद्यालयात शिकायला आले. बाबासाहेबांनी १९५० साली हे कॉलेज सुरू केलं, कारण तेव्हा मराठवाड्यात शिक्षणाची फार थोडी सोय होती. नागसेनवनातल्या दगडी इमारती बघाल तर कळेल, किती मनापासून ती जागा उभी केली आहे. पुढे १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं. १९७८ मध्ये विधिमंडळाने बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि प्रत्यक्ष नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत किती माणसांची घरं जळली, किती जीव गेले, हे मराठवाड्यातल्या गावागावांत माहीत आहे. दरवर्षी १४ जानेवारीला लोक विद्यापीठाच्या दरवाजाशी येतात. माझे वडील हयात असेपर्यंत एकही वर्ष चुकवलं नाही. तिथे पोचले की चप्पल काढायचे आणि दरवाजाच्या दगडाला हात लावायचे, देवळाच्या उंबऱ्याला लावतात तसा.

आणि भडकल दरवाजा. १६१२ मध्ये मलिक अंबरने मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून बांधला. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्याने विजयाचा दरवाजा उभारला. आज त्याच दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री बारा वाजता आम्ही तिथे असतो. हे दोघे एकमेकांच्या शेजारी आहेत, याचा मला फार आनंद आहे.

---

खामकाठी

@मिलिंदची_लेक, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले. मी त्या दरवाजातून रोज स्कूटीवरून जाते. उद्या थांबेन.

---

रविवारचा_भटक्या

हद्दीची अट पाळूनही लेणी दाखवता येतात बरं का! औरंगाबाद लेणी शहरातच आहेत, मकबऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर. शहरात वाढलेल्या माझ्या वर्गमित्रांपैकी निम्म्यांनी ती पाहिलेली नाहीत.

बौद्ध लेणी आहेत, बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली. तिसऱ्या लेण्यात गाभाऱ्यात बुद्धासमोर स्त्री-पुरुष गुडघे टेकून बसले आहेत. माणसांच्याच मापाचे. एकेकीची केशरचना वेगळी, गळ्यातले दागिने वेगळे. तुम्ही आत गेलात की तुम्हीही त्या रांगेत बसल्यासारखं होतं. सातव्या लेण्यात दाराच्या डाव्या अंगाला अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरली आहेत. आग, चोर, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती... प्रत्येक संकटातला माणूस हात जोडून त्याच्याकडे बघतोय. व्यापारी वाटांवरून जाणाऱ्या लोकांची ही भीती होती. त्याच लेण्यात आत नाचणारी स्त्री आहे आणि भोवती वाद्यं वाजवणाऱ्या सहा जणी. तिचा कमरेतला बाक बघत मी एकदा पाऊण तास उभा होतो. रखवालदार काका शेवटी स्वतःच टॉर्च घेऊन आले आणि म्हणाले, "तिरपा उजेड टाका, मग बघा." तिरपा उजेड पडल्यावर बोटंसुद्धा दिसली.

संध्याकाळी चढा. परत फिरताना पायऱ्यांवरून खाली अख्खं शहर दिसतं आणि मधोमध मकबऱ्याचा पांढरा घुमट.

---

आर्किटेक्ट_काकू

मकबऱ्याबद्दल मला थोडं सविस्तर लिहू द्या. "गरिबांचा ताज" हे शब्द ऐकून ऐकून मी थकले आहे. ज्या वास्तूकडे आपण नक्कल म्हणून बघतो, तिच्यात बघायचं काय हेच सुटून जातं.

दिलरस बानू बेगम ही औरंगजेबाची पत्नी. तिचा मुलगा आझमशहा याच्या नावाशी हा मकबरा जोडलेला आहे. १६६०-६१ च्या सुमारास तो पुरा झाला. मुख्य प्रवेशद्वाराच्या पितळी पत्रा जडवलेल्या दाराशी थांबा. तिथे वास्तुकार अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं कोरलेली आहेत. अताउल्ला हा उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, म्हणजे ज्यांचं नाव ताजमहालाशी जोडलं जातं त्यांचा. बापाच्या कामाची सावली डोक्यावर असताना मुलाने दख्खनच्या काळ्या दगडात काय केलं, ते बघायचं. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. मधल्या सगळ्या भिंती इथल्याच दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा घोटून घोटून गुळगुळीत केलेला, आणि त्या गिलाव्यात वेलबुट्टी. हे गिलाव्याचं काम हलकं समजू नका. चुना मळायला, मुरवायला, ओला असतानाच कोरायला जे हात लागतात ते आज शोधून सापडत नाहीत. डागडुजीचं काम जवळून बघायला मिळालं तेव्हा मला हे कळलं.

आत गेल्यावर कबर आपल्या पातळीला नाही. अष्टकोनी संगमरवरी जाळीभोवती उभं राहून खाली वाकून बघायचं. वरून झरोक्यांचा उजेड येतो आणि कबरीवर नुसती माती. एवढी मोठी वास्तू आणि मध्यभागी माती. मी दर वेळी तिथे गप्प होते.

---

हिमरू

सलाम सगळ्यांना. आमचं खानदान विणकरांचं. आता घरात माग नाही, पण आजोबांचा माग मी बघितलेला आहे.

हिमरू म्हणजे आमच्याकडचं नक्षीचं विणलेलं कापड. त्यात ताणा, म्हणजे उभे धागे, सुताचा आणि बाणा, म्हणजे आडवे धागे, रेशमाचा. एक माणूस खाली बसून धोटा फेकायचा आणि दुसरा वर बसून जाल्याचे दोरे ओढायचा. कुठला दोरा कधी ओढायचा हे सगळं तोंडपाठ. आजोबा खालून बोल द्यायचे, चुलते वरून ओढायचे. आम्हाला लहानपणी ते गाणंच वाटायचं. दिवसभरात थोडंसंच कापड निघायचं, आणि त्यावर बदाम, अननस, वेली. अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षीही त्यात आहे.

पाहुण्यांना शाल घ्यायला लावू नका, नुसता चालू माग दाखवा. शहरात अजून हाताचे माग आहेत. कापड उलटं करून मागची बाजू बघायला सांगा. मागे सुटे धागे लोंबत असतात, त्यावरून हाताचं काम ओळखायचं.

आणि रात्री जेवायला नान-खलिया. तुघलकाच्या लष्करापासून आला म्हणतात. तंदूरमधला पिवळसर, मऊ, मोठा नान आणि मटणाचा तर्रीवाला खलिया. एका देगीत शेकडो लोकांचं होतं, म्हणूनच तो लग्नात शोभतो. चार माणसांसाठी घरी करून ती चव येत नाही.

---

हैदराबादहून_विद्या

मी बावीस वर्षांपासून हैदराबादेत आहे. इथे कोणी विचारलं की मी सांगते, आमचं गावही निजामाच्या राज्यातच होतं, मनमाडहून हैदराबादला जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, ती आमच्याच स्टेशनावरून जाते.

मला सलीम अली सरोवर दाखवायचं आहे. जुनं नाव खिजरी तलाव. दिल्ली दरवाजाजवळ, समोर हिमायत बाग. मी शाळेत असताना बाबा थंडीत पहाटे तिथे न्यायचे. दुर्बीण एकच होती, आम्ही तिघी बहिणी पाळीपाळीने बघायचो. पाण्यावर धुकं, मध्येच पाणकावळा पंख पसरून बसलेला. मग हिमायत बागेच्या बाजूने परत यायचं. फेब्रुवारीत आंब्याला मोहोर आला की त्या रस्त्याला जो वास सुटतो, तो मला इथे बसून आत्ताही येतोय. बागेतली झाडं टिकून आहेत ना अजून?

---

खामकाठी

विद्याताई, आहेत. झाडं तुटू नयेत म्हणून अनेक जण जागरूकही आहेत. या फेब्रुवारीत मोहोराचा फोटो इथे टाकते.

---

रोशनगेट

सगळं छान आहे. पण मन मोकळं करतो. चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाणी आणणारं हे शहर, आणि आज माझ्या घरी नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं. जायकवाडीत पाणी आहे, आमच्या टाकीत नाही. नहरींची तोंडं बुजवून वर घरं झाली. दरवाजांना गाड्या घासून जातात, दगडांना ओरखडे पडलेत. मकाई, बारापुल्ला आणि महमूद या तिन्ही दरवाजांच्या पुलांवरून इतकी वर्षं सगळी वाहतूक गेली. पाहुण्यांना हे कोणत्या तोंडाने दाखवायचं?

---

खामकाठी

रोशनगेट, तुमचं दुःख तेच माझं. आमच्याकडेही ड्रम भरून ठेवावे लागतात. पण मला वाटतं, म्हणूनच दाखवायचं. आपल्याच पोरांना आधी. बुजलेली नहर ही त्यांच्यासाठी नुसता खड्डा आहे, कारण ती काय होती हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. लोखंडी पुलाजवळ खामचं पात्र साफ करायला गेल्या काही वर्षांत लोक उतरले आहेत. पंधरा वर्षांपूर्वी तिथून नाक दाबून जावं लागायचं. आज सकाळी माणसं फिरायला येतात. बघितलं म्हणून जीव लागला, आणि जीव लागला म्हणून हात लागले.

---

पदमपुरेकर

दरवाजांची दिशा लक्षात घ्या. उत्तरेला दिल्ली, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्केच्या दिशेचा मकाई. पूर्वेला जालना दरवाजा होता, तो आता नाही. जो दरवाजा जिकडे तोंड करून आहे, तिकडचं नाव त्याला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात, आज उभे आहेत ते त्याहून खूपच कमी. माझा नातू आठ वर्षांचा आहे. त्याला मी वहीत एकेका दरवाजाचं चित्र काढायला लावतो. प्रत्यक्ष समोर बसून, फोटो बघून नाही. आत्तापर्यंत सहा झाले.

---

गुलमंडीकर

काका, नातवाला इमरती माझ्याकडून.

मंडळी, नुसतं लिहीत बसण्यापेक्षा जाऊ या का एकदा सगळे?

---

खामकाठी

(तीन आठवड्यांनंतर)

काल जाऊन आलो. अकरा जण होतो. महमूद दरवाजापाशी जमलो, पाणचक्की पाहिली, मग बेगमपुऱ्यातून मकबऱ्याकडे. हिमरू भाईंनी वाटेत एका जुन्या दगडी खांबाजवळ थांबवलं. मी ज्याला मनोरा लिहिलं होतं, त्याला त्यांच्याकडे बंबा म्हणतात. खांबाच्या अंगावर पिंपळ उगवलाय. शेजारच्या घरातल्या आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "लग्न होऊन आले तेव्हा याच्यातून पाणी झिरपायचं. आम्ही हंडे लावायचो."

पदमपुरेकर काकांच्या नातवाने दगडाला कान लावला. मग आम्ही सगळ्यांनी लावला. मला काही ऐकू आलं नाही. तो म्हणाला, त्याला येतंय. त्याने तिथेच मांडी घालून बंब्याचं चित्र काढलं आणि खाली आजींचा हंडाही काढला.

आतेबहिणीला चित्राचा फोटो पाठवला. दिवाळीनंतर परत येतेय, या वेळी फक्त शहरासाठी.

पुढचा रविवार: दिल्ली दरवाजा, सकाळी साडेसहा. तिथून सलीम अली सरोवर आणि हिमायत बाग. ज्यांच्याकडे दुर्बीण असेल त्यांनी आणा. रोशनगेट, तुम्ही याच.